आसमीनच्या गोळ्या

त्या सकाळी पाकिटात सात गोळ्या होत्या. सिद्दीक मुलाणीनं पाकीट उलटंपालटं केलं, बोट टेकवत पुन्हा मोजल्या. सातच. सकाळी एक, संध्याकाळी आठला एक, आणि दहाचं नवं पाकीट फोडायचं ते सकाळीच, हा त्याचा अठरा वर्षांचा शिरस्ता. त्यामुळं सकाळी कपाट उघडलं की पाकिटात दहा, आठ, सहा, चार नाहीतर दोन गोळ्या असायच्या. सात कधीच नसायच्या. सात म्हणजे काल संध्याकाळची फिटची गोळी आसमीनच्या पोटात गेलीच नव्हती. पण त्याला तर स्वच्छ आठवत होतं. त्यानं तिच्या तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा पेला दिला, ती गिळेपर्यंत समोर उभा राहिला, मग "आ कर" म्हणाला आणि पंचवीस वर्षांच्या मुलीनं तोंड उघडून जीभ वर केली. हे सगळं डोळ्यांपुढं होतं. मग हळूहळू ध्यानात आलं, की त्या आठवणीत आसमीनच्या खांद्यावर हिरवी ओढणी होती, आणि हिरवी ओढणी परवाची. कालची संध्याकाळ आठवायला गेला तर तिथं नुसती फुटलेली पाइपलाइन होती, चिखलात गुडघाभर उतरलेली माणसं होती, आणि घरी आल्यावरचं काहीच नव्हतं. कपाटाच्या दाराला धरून तो उभा राहिला. कानात भुंगा शिरल्यासारखी गुणगुण सुरू झाली.

बाहेर आसमीन शिवणयंत्रावर बसली होती. त्यानं गोळी दिली. तिनं गिळली, आ केला. "काल रात्री दिली होती का गं मी?" हा प्रश्न जिभेवर आला आणि तसाच मागं गेला. विचारणं म्हणजे कबूल करणं. दौंडच्या पाणीखात्यात तो तीस वर्षं होता. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व किती आटे फिरवायचा, हे कागदावर कधी लिहावं लागलं नव्हतं. लोक म्हणायचे, मुलाणीसाहेब रजेवर गेले की निम्मं गाव कोरडं राहतं. आणि तो रजेवर जातच नसे. मशिदीच्या कमिटीवर तो, जमातीतल्या सोयरिकी जमवायला तो, शिरूरला दिलेल्या विधवा बहिणीच्या, सुलतानबीच्या जागेचं भांडण मिटवायला दर रविवारी यष्टीनं जाणारा तो. दुसऱ्यावर सोपवलेलं काम त्याला अर्धवट शिजलेल्या भातासारखं वाटायचं. त्या दिवशी तो कामावर गेला, पण दर तासाला घरी येत राहिला. आसमीन शिवत होती. आसमीन जेवत होती. आसमीन आईच्या केसांना तेल लावत होती. तिचं डोकं एका बाजूला वळतंय का, डोळे वर जातायत का, तो दारातूनच बघायचा. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही. खरं तर यानं त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण गुणगुण वाढली.

तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडं गेला आणि सवयीनं मुलीबद्दल बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, "तिचं राहू द्या. हात द्या इकडं." पट्टा आवळला, सुटला, पुन्हा आवळला. "एकशे नव्वद आहे वरचं. झोपता किती?" सिद्दीकनं सांगितलं. कामं कोणकोणती ते सांगितलं. सांगताना थोडा अभिमानही वाटला. डॉक्टर ऐकून घेत होते, चष्म्याच्या काचा पुसत. मग म्हणाले, "निम्मी सोडून द्या. संध्याकाळी तासभर चाला, एकटे. रात्री गाढ झोपा. मीठ बंद. आणि मुलाणी, सगळं काही आपल्या हातात नसतं हो." असं कुणीही म्हणतं. मयतीला म्हणतात, निकाल लागला की म्हणतात. सिद्दीकनं मान हलवली आणि बाहेर येऊन चिठ्ठीची घडी घातली. पण औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, आपण इथंच आडवे झालो तर कपाटाची किल्ली आपल्या खिशात आहे हे बायकोला, राबियाला आठवेल का?

तेव्हा त्यानं सोडायला सुरुवात केली. कमिटीतनं नाव काढलं. त्याला वाटलं होतं, लोक घरी येतील, हातापाया पडतील. दोघं आले, चहा प्यायले, "तब्येत महत्त्वाची" म्हणाले, आणि पुढच्या जुम्म्याला मुजीब नावाच्या तरुण मास्तरानं सगळं इतकं सुरळीत केलं की सिद्दीकला मागच्या रांगेत बसून नमाजात लक्ष लागेना. सुलतानबीला फोन करून सांगितलं, यापुढं रविवारी जमणार नाही. ती पलीकडून म्हणाली, "बरं झालं भाईजान. तुम्ही आलात की समोरचे लोक चिडतात. मी बोलते त्यांच्याशी." पंधरा दिवसांत तिनं मिटवलंसुद्धा. रात्रपाळीचे व्हॉल्व त्यानं दुसऱ्याकडं दिले, तरी गावाला पाणी आलं. सगळं चालत होतं. आपण इतकी वर्षं ज्या भिंतीला पाठ लावून उभे होतो ती पडायला आलेली नव्हतीच, हे कळल्यावर माणसाची पाठ मोकळी होत नाही. तिला उगाच गार वारा लागतो. संध्याकाळी तो भीमेच्या काठानं चालायचा. नदीला पाणी नव्हतं, वाळू उपसून पडलेले खड्डे होते आणि त्यांत हिरवट डबकी. चालायला एकटं जा, असं डॉक्टर म्हणाले होते. एकट्यानं चालताना काय काय बरोबर येतं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

तो दिवस यायचा. आसमीन सात वर्षांची. वर्षभरापूर्वी फिट यायला लागलेल्या, पुण्याच्या डॉक्टरनं गोळ्या सुरू केलेल्या, गोळ्यांवर ती चांगली हसतखेळत. राबिया मोरीत कपडे धूत होती. पोरगी स्टोव्हपाशी बसली होती, वर डाळ उकळत होती. तिला फिट आली आणि पातेलं अंगावर घेऊनच ती आडवी झाली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो धावत आला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्या नाकाशी कांदा धरला होता, कुणी चप्पल धरली होती, आणि राबिया भिंतीला टेकून, ओल्या हातांनी, नुसती बघत होती. तिच्या हातांना अजून साबणाचा फेस होता. तो फेस त्याला अठरा वर्षं दिसत आला. दवाखान्यातनं परतल्यावर त्यानं गोळ्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि म्हणाला, "आजपासून गोळ्या मी देणार." त्यानं तिला एक वाईट शब्द कधी ऐकवला नाही. फक्त आसमीनला एकटीनं मोरीत जायला, स्टोव्हपाशी बसायला, गच्चीवर चढायला, मैत्रिणीकडं राहायला बंदी झाली, सातवीनंतर शाळाही बंद झाली, आणि ही प्रत्येक बंदी राबियाच्या देखत, तिच्याकडं न बघता सांगितली गेली. नदीकाठी चालताना तो नेहमी इथपर्यंत येऊन माघारी वळायचा. याच्या पलीकडं, दोन दिवस आधीची, आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडं जायचं नसायचं. तिच्याकडं जाऊ नये म्हणून तर एवढी कामं होती.

मार्चमध्ये एका दुपारी वरवंडहून एक बाई आली. साखरबाई. पन्नाशीची, धनगराची, कपाळ कोरं, आवाज रानात हाक मारायची सवय असलेला. हायवेला लागून तिची पत्र्याची शेड होती, सहा शिवणयंत्रं होती, शाळांचे गणवेश शिवून देत होती. आसमीननं शिवलेला एक शर्ट तिनं कुठं तरी बघितला होता. "ह्या पोरीच्या हाताची शिलाई मशीननं मारल्याली वाटतच न्हाई बघा, मुलाणीमामा," ती म्हणाली, "निसती रेघ. मला दोन म्हैनं लावून द्या तिला. शाळा उघडायच्या आत मला दोन हजार कापडं शिवायचीत." सिद्दीक म्हणाला, तिला फिट येते. "व्हय, सांगितलंय तिनं." कधी सांगितलं, हे त्याला कळेना. "रस्ता ओलांडायला लागतो तिकडं, ट्रक असतात," तो म्हणाला. "असत्यात की. आमी समदी वलांडतोच." त्यानं नाही म्हटलं. साखरबाई चहा पिऊन गेली. आसमीन यंत्रापाशी पाठमोरी बसून राहिली. पायाखालचं पॅडल हलत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो चालायला गेला नाही. राबिया तांदूळ निवडत होती. त्यानं तिला सांगून टाकलं. मागं एकदा संध्याकाळची गोळी चुकली, मला आठवतच नाही, मी म्हातारा झालो. राबियाचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी म्हणूनच तुमचं प्रेशर चढलं," ती म्हणाली. "एक गोळी चुकली म्हणून."

"एक का होईना."

"तवा तर दोन दिवस नव्हत्या."

सूप एकदा हललं, थांबलं. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. राबिया त्याच्याकडं न बघता, तांदळातला खडा बोटानं बाजूला सारत, काल घडल्यासारखं सांगत गेली. "गुरुवारी मी म्हटलं, गोळ्या संपल्या. तुम्ही म्हणालात, उद्या आणतो. शुक्रवारी टाकीवर काम निघालं. शनिवारी मी म्हटलं, मी जाते दुकानात, पैसे द्या. तुम्ही म्हणालात, तुला नाव सांगता येणार नाही, मी आणतो. रविवारी दुपारी डाळ सांडली."

तीच गोष्ट होती. अठरा वर्षं ती या घरात, तांदळाच्या डब्याशेजारी, गोधड्यांच्या घडीत, सगळीकडं होती, आणि त्याला वाटत होतं ती फक्त आपल्या खिशात आहे. "तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही कवा इचारलंत?"

यानंतर तिनं भांडायला हवं होतं. तो वाट बघत बसला. तिनं तांदूळ धुतले आणि चुलीवर ठेवले. जेवताना तिनं त्याला मीठ न घातलेली भाजी वेगळी वाढली. सकाळी त्यानं कपाट उघडलं, गोळ्यांचा डबा काढला, किल्लीसकट आसमीनच्या यंत्रावर ठेवला आणि म्हणाला, "वरवंडला जायचं तर आठाच्या यष्टीनं जा. पुढचीला गर्दी असते." त्याला वाटलं होतं, ती रडेल, पाया पडेल. तिनं डबा उघडून गोळी घेतली, गिळली आणि सवयीनं आ केला. मग दोघांनाही हसू आलं नाही, पण तिनं तोंड मिटलं.

पहिल्या दिवशी तो मागच्या यष्टीनं गेला. वरवंडच्या फाट्यावर चहाच्या टपरीआड उभा राहिला. संध्याकाळी ती शेडमधनं बाहेर आली, दुपट्टा डोक्यावर घेतला आणि रस्त्याच्या कडेला थांबली. सोलापूरकडनं येणारे ट्रक एकामागनं एक, धुरळा उडवत, हॉर्न वाजवत. त्याच्या छातीत कुणी तरी व्हॉल्व उलटा फिरवत होतं. ती थांबली, थांबली, मग हात वर करून अशी सरळ चालत आली की एक टँकर कचकन ब्रेक मारून उभा राहिला. दौंडच्या यष्टीत ती पुढं बसली, तो मागं. घरी आल्यावर पाणी पिता पिता म्हणाली, "अब्बा, उद्या येऊ नका. चहावाला विचारत होता, हा म्हातारा कोण म्हणून." दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. रजा टाकून घरी बसण्याइतकं कष्टाचं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. साडेआठला ती पाटसला असेल. नऊला फाट्यावर. दहाला तो उठून नळाशी जायचा, तोंड धुवायचा, परत येऊन बसायचा. राबिया एकदा म्हणाली, "निजा जरा." तो आडवा झाला आणि खरोखरच झोप लागली, भर दुपारी, तोंड उघडं टाकून, पहिल्यांदाच.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या घरी फोन आला. तो पोचला तेव्हा शेडमधली सगळी यंत्रं चालू होती. हेच त्याला आधी खटकलं. कोपऱ्यात खाकी कापडाच्या ढिगावर आसमीन कुशीवर झोपली होती, ओठ चावला गेल्यानं हनुवटीवर रक्त सुकलेलं. कुणी भोवती जमलं नव्हतं. कांदा नव्हता, चप्पल नव्हती. एक बाई काजं करता करता मधूनच तिच्या अंगावरच्या माश्या हाकलत होती. साखरबाईनं त्याला पाणी दिलं. "घाबरू नगा. आली आन् गेली. आमच्यात मेंढरालाबी येती अशी. लहानपणी मी लई बघितल्यात. धरून दाबून ठिवायचं न्हाई. आजूबाजूचं दगडधोंडं सारायचं आन् जागा करून द्यायची. तिचं तिला उठू द्यायचं." तो ढिगाच्या कडेला बसला. आसमीननं डोळे उघडले, त्याला बघितलं, आणि जड जिभेनं पहिलं काय म्हणाली तर, "बाह्या राहिल्यात चाळीस." दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुजल्या ओठानं यष्टीला निघाली. तो दारात उभा होता.

असे दोन महिने गेले. या दोन महिन्यांत त्याचं वरचं दीडशेवर आलं. त्यानं राबियाबरोबर बाजारात जाऊन दोडकी घेतली. ती भाव करताना बघितलं आणि लक्षात आलं, हिचा बाजारातला आवाज आपण कधी ऐकलाच नव्हता. आसमीन घरी आली की वरवंडचं काहीबाही सांगायची, पण थोडं. दारातनं आत येताना ती ते बाहेर ठेवून यायची. तिला आता स्वतःचं काही तरी होतं. ते काय, हे विचारायचं त्याच्या तोंडावर यायचं आणि तो गप्प राहायचा. हेही सोडण्यातलंच आहे, असं तो स्वतःला समजवायचा.

मे महिन्याच्या शेवटी उकाड्यानं घरात झोपवेना, म्हणून तिघांच्या बाजा अंगणात होत्या. एका पहाटे तो फजरच्या नमाजाला उठला. राबियाची बाज रिकामी होती, ती हातपाय धुऊन वजू करायला गेली होती. आसमीन पालथी झोपली होती, चेहरा उशीत. तिला कुशीवर करावं म्हणून त्यानं खांद्याला हात लावला. खांदा गार होता. मे महिन्यात, त्या उकाड्यात, गार. चादर एका बाजूनं चुरगळून खाली लोंबत होती. फिट येऊन गेली होती, कधी ते त्याला कळलं नव्हतं. दोघांच्या बाजांमध्ये दोन हातांचं अंतर होतं. हायवे नव्हता, स्टोव्ह नव्हता, गच्ची नव्हती. त्याच्या घराचं अंगण होतं, आणि तो स्वतः दोन हातांवर, डॉक्टरनं सांगितली होती तशी गाढ झोप घेत होता.

पुढचं लोकांनी केलं. मुजीब मास्तरनं कबरीचं बघितलं, कफन आणलं, पुण्याच्या नातेवाइकांना फोन केले. सिद्दीकला कुणी काही विचारलं नाही. आत बायका आसमीनला आंघोळ घालत होत्या, पाणी सांडल्याचा आवाज येत होता. तो ओट्यावर बसून एकाच गोष्टीची वाट बघत होता. आता राबिया बाहेर येईल, आणि तिला बोलण्याचीही गरज नाही. तिनं फक्त बघायचं. त्यानं अठरा वर्षांपूर्वी तिच्या ओल्या हातांकडं बघितलं होतं तसं. गोळ्या तुम्हीच तिच्या हातात दिल्या. पाठवलं तुम्हीच. डबा यंत्राशेजारी होता, किल्ली त्यालाच लटकत होती, आणि तो उघडून मोजायची त्याची हिंमत नव्हती.

राबिया आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"रातची गोळी तिनं घेतली होती," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मी बघितलं."

"तू बघितलंस?"

"बघितलं म्हणते ना."

काल आठ वाजता राबिया नळावर होती. पाणी उशिरा आलं होतं. ती नऊ वाजेपर्यंत गल्लीत हंडे भरत होती, दोन खेपांना त्यानं स्वतः दार उघडलं होतं. हे त्याला लख्ख आठवत होतं, आणि त्याला हे आठवत असणार हे राबियालाही माहीत होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. तिनं नजर काढून घेतली नाही. जे त्यानं तिला एकदाही दिलं नव्हतं ते ती त्याच्या ओंजळीत टाकत होती, आणि ते त्याला पेलेना. त्याचं डोकं खाली गेलं, तिच्या ओल्या बाहीवर टेकलं, आणि तो बायकांच्या देखत, माणसांच्या देखत, गुरासारखा हंबरला. "त्या डाळीच्या वेळी," एवढंच त्याला म्हणता आलं, "त्या वेळी मी..." राबियानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या," ती म्हणाली. असू द्या म्हणजे माफ केलं, असं नव्हतं. त्यालाही ते कळलं.

चाळिसावा दिवस झाल्यावर साखरबाई आली. शाळा उघडल्या होत्या. ओट्यावर बसून तिनं पदरानं घाम टिपला, राबियानं चहा आणला. मग साखरबाई बोलायला लागली, मोठ्यानं, सांत्वन न करता. "लई नकला करायची वो तुमची पोरगी. माझी केली, शाळंच्या मास्तरची केली, कंडाक्टरची केली. हसून हसून सुया टोचायच्या बायांना. एकदा मी म्हणलं, तुज्या बापाची कर. न्हाई म्हणली. म्हणली, अब्बांची नक्कल व्हत न्हाई. ते रस्त्यावर वाकून पाइपाला कान लावत्यात आन् सांगत्यात पाणी कुठवर आलंय. असा माणूस म्यां दुसरा बघितला न्हाई, म्हणली."

सिद्दीक हातातली बशी धरून बसला होता. हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनं कधी बघितलं, लहान असताना, खिडकीतनं? त्याच्या मुलीचे दोन महिने या बाईकडं होते, आणि त्या दोन महिन्यांतलं काहीही त्याला सांगता आलं नसतं.

"अजून काय म्हणायची?" त्यानं विचारलं.

साखरबाईनं राबियाकडं बघितलं. राबिया दाराला टेकून उभी होती, ती खाली बसली.

"सांगते की," साखरबाई म्हणाली. "यष्टी सहाला हाय माजी." आणि बशी बाजूला सारून ती पहिल्या दिवसापासून सांगू लागली.